गाऊन उलटा करून पाहा

नोव्हेंबर उजाडला की पणजीत इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या रांगा लागतात आणि त्याबरोबर लाल गालिच्यावरून वादही सुरू होतो. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात भरतो आहे, पण वादाचा मजकूर काही बदललेला नाही. एक बाजू म्हणते, सिनेमाच्या उत्सवात कुणी काय घातलं याची चर्चा हवी कशाला? हा चित्रपट महोत्सव आहे की फॅशन शो? दुसरी म्हणते, जगभर असंच चालतं, चकचकाट नसेल तर कॅमेरे फिरकणार नाहीत आणि पर्यटनाचं काय व्हायचं? दोघंही तावातावाने बोलतात. पण एका बाबतीत त्यांचं न बोलता एकमत आहे: गाऊन ही फार तर बघायची गोष्ट, तिच्यावर विचार करण्यासारखं काही नाही. पहिला तिला थिल्लर म्हणून बाजूला सारतो, दुसरा तिला जाहिरात म्हणून वापरतो. ती शिवलेली वस्तू आहे, कुणीतरी मोजून, बेतून, उसवून आणि पुन्हा शिवून उभी केलेली आहे, हे दोघांच्याही गावी नसतं.

माझं म्हणणं असं की रॅम्पवरचे आणि गालिच्यावरचे कपडे मनापासून आवडणं ही रसिकताच आहे. गाण्याची असते, नाटकाची असते, तशीच ही कपड्याची. फक्त तिची आपल्याकडे तालीम झालेली नाही, म्हणून ती एकतर नट्यांच्या कौतुकात वाहून जाते नाहीतर तिची टिंगल होते. आणि कपड्याला हसणारे काय, कपड्याला भुलणारे काय, दोघांच्याही नजरेतून एकच माणूस सुटतो: कारागीर.

पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? खांद्याला पट्टी नसलेला गाऊन घ्या. तो अंगावर राहतो कसा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि बहुतेकजण चिकटपट्टीवर समाधान मानतात. खरी करामत आत असते. अस्तराखाली अंगासरशी बेतलेली दुसरी चोळी असते. तिच्या शिवणींवरून पोलादाच्या किंवा प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या सरकवलेल्या असतात आणि कमरेला आतून एक न ताणणारी, रेघारेघांची ग्रोग्रेन पट्टी लावलेली असते. गाऊनची चेन ओढण्याआधी ती पट्टी हुकांनी आवळायची. सगळ्या घेराचं वजन मग छातीवरून न लोंबता कमरेवर टेकतं. ही पट्टी वगळली, किंवा बोटभर सैल राहिली, की नटी दर दहा पावलांनी वरचा काठ ओढताना दिसते. लोक तिच्या संकोचाबद्दल किंवा निर्लज्जपणाबद्दल बोलतात, चूक मात्र कमरपट्टीची असते. आतल्या उभ्या पट्ट्याही शिवणीच्या टोकापासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर आधी थांबायला हव्यात आणि त्यांची टोकं बोथट करून झाकायला हवीत. नाहीतर तासाभरात त्या कापड भोसकून बाहेर डोकावतात.

टिकल्यांच्या गाऊनला आणखी एक कसोटी असते, तीही लांबून दिसणारी. आरीच्या सुईने अड्ड्यावर, म्हणजे ताणून धरणाऱ्या चौकटीवर, भरलेलं कापड कापलं की शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडात, टिकल्या आणि मणी अडकतात. मशीनची सुई त्यांच्यावर आदळली की मोडते, आणि नाही मोडली तरी टीप सरळ पडत नाही. म्हणून मायेतली प्रत्येक टिकली आधी काढायची, तिचा दोरा गाठ मारून बंद करायचा, मग शिवण घालायची आणि शेवटी शिवणीच्या दोन्ही बाजूंना हाताने पुन्हा टिकल्या भरायच्या, त्याही अशा की नक्षी जोडावरून न तुटता पुढे जावी. कुशीतून खालपर्यंत टक्कल पडल्यासारखी एक बारीक रेघ दिसली, तर हे शेवटचं काम टाळलेलं आहे असं खुशाल समजावं. गाऊन कितीही महाग असो, ही रेघ खोटं बोलत नाही.

उरेब कापाचं तर शास्त्रच निराळं. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत तिरकं वळवून अख्खे झगे बेतले. असं कापड अंगावर पाण्यासारखं उतरतं, पण ते स्वतःच्या वजनाने लांबतही जातं, आणि सगळीकडे सारखं नाही. पूर्ण तिरकं पडतं तिथे जास्त लोंबतं, उभ्या धाग्यावर कमी. म्हणून शिवलेला झगा खालची दुमड न घालता निदान २४ तास टांगून ठेवतात आणि मग ज्या उंचीच्या टाचांवर तो घालायचा त्याच टाचांवर घालणारीला उभं करून जमिनीपासून पट्टीने मोजत खुणा करतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन रात्री टांगणं बरं, कारण व्हिस्कोससारखं कापड ओलावा पिऊन आणखी सैलावतं. घाईत हे टाळलं की खालचा काठ कुठे वर, कुठे खाली. मग छायाचित्रात नटी सरळ उभी असूनही झगा तिरका दिसतो.

आता साधा हिशेब. कंबर ७० सेंटिमीटर आणि लांबी १०५ सेंटिमीटर असलेला पूर्ण गोल घेर बेतायचा, तर कमरेच्या वर्तुळाची त्रिज्या ११ सेंटिमीटर येते आणि बाहेरच्या काठाची ११६. म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या ११२ सेंटिमीटर पन्ह्यात अर्धं वर्तुळसुद्धा अखंड बसत नाही, कळ्या जोडाव्याच लागतात. काठाची गोलाई भरते सुमारे ७ मीटर २९ सेंटिमीटर. सेंटिमीटरला तीन टाके धरले तर नुसती हातशिलाईची दुमड घालायला २,२०० च्या आसपास टाके. हे एका साध्या, बिननक्षीच्या घेराचं. त्याआधी मांजरपाटावर कच्ची प्रत बेतून, अंगावर घालून, टाचण्या लावून, खुणा करून ती उसवलेली असते आणि त्या तुकड्यांवरून खरं कापड कापलेलं असतं. हे कष्ट वाचता येणाऱ्या माणसाला थिल्लर म्हणायचं असेल तर मग तानेतली श्रुती ओळखणाऱ्यालाही तेच म्हणा.

‘पण कपडा तो शेवटी कपडाच,’ हे वाक्य गोव्यात तरी कुणी सहज उच्चारू नये. १७३६ मध्ये इथल्या इन्क्विझिशनने आदेशनामा काढून नवख्रिस्ती पुरुषांना धोतरासारखं पुडवें नेसायला आणि बायकांना चोळी घालायला बंदी केली. धर्मसत्तेला घरातली तुळस जशी खुपत होती तशीच अंगावरची चोळीही खुपत होती. कपडा क्षुल्लक असता तर त्यासाठी हुकूम कशाला काढावा लागला असता? आणि बंदीला लोकांनी दिलेलं उत्तरही कपड्यातच आहे. मांडो नाचताना ख्रिस्ती घरंदाज बायका जो पानो-बाजू घालत, त्यात कमरेला गुंडाळलेलं वस्त्र आहे, वर सैल बाजू आहे, त्यावर जरीचं भरतकाम आहे, खांद्यावर तुवालो आहे. पोर्तुगीज झगाही नाही आणि साडीही नाही, असा हा तिसराच वेश हुकूमशाहीच्या सावलीत राहून गोव्याने बेतला. त्याला जगातल्या कुठल्याही ‘कलेक्शन’पुढे मान खाली घालायचं कारण नाही.

आणि महाड? डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले तेव्हा त्यांनी साडी कशी नेसावी हाही विषय घेतला. गुडघ्यापर्यंतची आखूड नेसण आणि गळ्या-हातातले जड चांदीचे, कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका आणि इतर बायका नेसतात तशी नेसा, असं त्यांचं सांगणं होतं. ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, तिथेच नेसणीची चर्चा झाली हे पुष्कळांना विसंगत वाटतं. मला त्यात विसंगती दिसत नाही. माणूस लांबून ओळखला जातो तो आधी कपड्यावरून, आणि ज्याला लांबूनच ओळखून दूर ठेवलं जातं त्याला हे दुसऱ्या कुणी शिकवावं लागत नाही. वेशभूषेला वरवरची म्हणण्याची चैन ज्यांना परवडते, त्यांच्या कपड्यांनी त्यांना कधी अडवलेलं नसतं.

मराठी रसिकांनी तर असा बाष्कळ तिरस्कार करूच नये. भरताच्या नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, सात्त्विक यांच्या पंगतीत आहार्याला, म्हणजे वेशभूषेला, अभिनयाचा चौथा प्रकार म्हणून बसवलं. बालगंधर्व रंगमंचावर जे शालू नेसत, जसा पदर घेत आणि जसा गजरा माळत, ते पाहून घराघरांतल्या बायकांनी आपली राहणी बदलली. ते गाण्याचं यश होतं असं म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण लोक साडीसुद्धा बघायला येत होते. आणि भारताला पहिला ऑस्कर मिळाला तो कशासाठी? ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, १९८३ मध्ये, कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांना, जॉन मोलो यांच्यासोबत. त्यांचं नाव मराठी माणूस छाती फुगवून घेतो, पण दक्षिण आफ्रिकेतल्या बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास कापडातून कसा दाखवला, याबद्दल चार वाक्यं बोलायची वेळ आली की गप्प होतो.

इथवर विरोधकांना फार त्रास झाला नसेल. त्यांचे खरे आक्षेप पुढे आहेत, आणि ते तगडे आहेत.

पहिला पैशाचा आणि उधळपट्टीचा. एका संध्याकाळसाठी लाखोंचा गाऊन, आणि बाहेर महागाई. हा आक्षेप जुना आहे आणि तो नेहमीच प्रामाणिक राहिलेला आहे. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियान दिओर यांनी पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरगच्च घेरांचं ते प्रसिद्ध कलेक्शन दाखवलं, तेव्हा युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग चालू होतं, ते १९४९ पर्यंत चाललं. तिथले मंत्री या लांब झग्यांवर कडाडले. पॅरिसच्या एका बाजाररस्त्यावर छायाचित्रं काढायला गेलेल्या मॉडेलचे कपडे संतापलेल्या बायकांनी फाडले. त्या बायका चुकल्या होत्या असं मी म्हणणार नाही. शिवाय दिओरना भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक हे कापडगिरणीवाले होते. घेर वाढला की कापड खपतं, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. तेव्हा सौंदर्यामागे धंदा होता, हे खरंच.

पण धंद्यामागे हात होते, हेही तितकंच खरं. एका घेरामागे कापड विणणारे, रंगवणारे, कापणारे, भरतकाम करणारे, काजं करणारे, इस्त्री मारणारे असतात. उधळपट्टीच्या यादीत गाऊन वरच्या क्रमांकावर का येतो? लाखोंची मोटार एखाद्याने घेतली तर आपण अभियंत्याचं कौतुक करतो, गाऊन घेतला तर बाईच्या अकलेवर बोलतो. गाऊनच्या किमतीतला मोठा भाग माणसांच्या तासांचा असतो. आक्षेप घ्यायचाच तर त्या तासांचे पैसे कुणाला किती पोचले यावर घ्यावा. फ्रान्समध्ये ‘ओत कूत्यूर’ (अंगावर बेतून शिवलेले उंची कपडे) हे नाव १९४५ पासून कायद्याने राखलेलं आहे. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा, तिथे पूर्णवेळ कारागीर आणि जानेवारी-जुलैत वर्षातून दोनदा कलेक्शन, या अटी पाळल्याशिवाय ते कुणी लावू शकत नाही. अटीच्या मध्यभागी कारागीर आहे, श्रीमंती नाही. याच मंडळीत जानेवारी २०२० मध्ये राहुल मिश्र आणि जुलै २०२१ मध्ये वैशाली एस या भारतीय डिझायनरांनी आपले हातमागाचे आणि भरतकामाचे कपडे दाखवले.

दुसरा आक्षेप शरीराचा: रॅम्पने एकच सडपातळ माप आदर्श करून ठेवलं आणि मुली त्यापायी उपाशी राहिल्या. मान्य, आणि याची सफाई देण्यात मला रस नाही. एवढंच म्हणेन की ते माप तयार कपड्यांच्या नमुन्याचं आहे. अंगावर बेतून शिवण्याची पद्धत त्याच्या उलट चालते, तिथे माप माणसाचं घेतात. आपल्या वाड्यावरची ब्लाऊज शिवणारी बाई छाती, मुंढा, बाहीचा घेर आणि पाठीची उंची मोजते, उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता असेल तर तेवढं कापड मुकाट्याने सावरते. कटोरी ब्लाऊज नीट बसवणं हे काम पॅरिसच्या फिटिंगपेक्षा हलकं नाही. फरक भावात आणि मानात आहे.

तिसरा आक्षेप ओरबाडण्याचा, आणि तो मराठी वाचकांच्या मनात ताजा आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या शोमध्ये प्राडाने ज्या चपला चालवल्या त्यांना चामड्याच्या सँडल म्हटलं होतं. अंगठा, वेणी, कान, सगळं आपलं होतं, नाव मात्र नव्हतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. गदारोळ झाला, कंपनीने भारतीय मूळ मान्य केलं आणि वर्ष संपता संपता दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून चपला इथेच बनवून घ्यायचं ठरवलं. ‘बघा, हे असं असतं तुमचं फॅशन,’ असं त्यावर अनेकांनी लिहिलं. पण ही चोरी पकडली कुणी? मिलानचा पुरुषांचा शो पायापर्यंत बारकाईने न्याहाळणाऱ्यांनी. रॅम्पकडे पाठ फिरवून बसलेल्यांच्या नजरेस ती चप्पल जन्मात पडली नसती. तुच्छतेने कारागिराचं रक्षण होत नाही, चोराची सोय होते.

ओरबाडण्याचं गोव्यातलं प्रकरण यापेक्षा नाजूक आहे, आणि त्यावर इथे जितकं उथळ बोललं जातं तितकं क्वचितच कशावर. कुणबी साडी. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, जाड सुती, आखूड नेसलेली, खांद्यावर गाठ मारलेली, म्हणजे भाताची लावणी करताना हात मोकळे. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला रॅम्पवर नेलं. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले. त्यांनी तिच्यामागच्या वेशभूषेचा इतिहास खणला, लिहिला, आणि आपल्या जुन्या घरात गोव्याच्या पेहरावाचं संग्रहालय उभारण्याचं काम हाती घेतलं. यावर एक बाजू म्हणते, परंपरा वाचली. दुसरी म्हणते, शेतमजुरणीचं वस्त्र उचलून श्रीमंतांच्या कपाटात टाकलं.

दोन्ही बाजूंनी महाड आठवावं. ज्या बायकांनी आखूड नेसण सोडली त्यांच्यातल्या कित्येकींनी ती आपखुशीने, अपमानाची खूण म्हणून सोडली. सहावारी पातळ स्वस्त होतं, बाजारात चारचौघींसारखं दिसत होतं. त्यांनी आपल्या छायाचित्रांसाठी पुन्हा चौकडे नेसावेत असं सुचवण्याचा अधिकार ना डिझायनरला आहे, ना संस्कृतिरक्षकाला. दुसरीकडे, नेसणारी बदलली म्हणून विणणाऱ्याचा हक्क संपत नाही. माग चालू राहायचा तर कुणीतरी ते कापड विकत घ्यायला हवं आणि रास्त भाव मोजायला हवा. तो ग्राहक रॅम्पने आणला. त्याला विणकराच्या दारापर्यंत पोचवायचं काम मात्र रॅम्प करत नाही, ते जाणत्या डोळ्याचं काम आहे.

कारण चौकड्याची नक्कल सोपी असते. हातमागावर आडव्या रेघेचा रंग बदलला की धोटा बदलावा लागतो, आणि उभ्या पट्टीइतकेच आडवे धागे मोजून भरावे लागतात. हत्या (आडवा धागा ठोकून बसवणारा मागाचा भाग) जरा जास्त जोरात बसला की धागे दाटतात आणि चौकोन चपटा होतो, जरा हलका पडला की लांबट. दिवसभर एकाच जोराने ठोकत राहणं हीच ती कला. लाल रंग पक्का नसेल तर पहिल्याच धुण्यात पांढरा गुलाबी होतो, म्हणून सूत रंगवून खळखळून धुतल्याशिवाय ताण्यावर चढवायचं नसतं. छापील नक्कल ओळखायची तर कापड उलटं करा, मागे रंग फिका दिसेल. विणलेल्या चौकड्याला उलटी बाजूच नसते. यंत्रमागाचा चौकडा अगदी निर्दोष असतो, तोच त्याचा चुगलीखोर गुण. हातमागाच्या किनारीवर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक भोकं पुष्कळदा सापडतात. एवढं पाहून घेणारे शंभर ग्राहक म्हापशाच्या बाजारात उभे राहिले, तर ‘कुणबी’ म्हणून गळ्यात मारलेला छापील माल आठवडाभरात मागे जाईल. परंपरा जपण्यावरची भाषणं एवढं करू शकत नाहीत.

चौथा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही, तो सरळ मांडतो. गालिच्यावरचं छायाचित्र रात्री निघतं आणि काही आठवड्यांत त्याची पॉलिएस्टरची नक्कल हजार-दीड हजारात घरपोच येते. दोनदा घातली की चेन तुटते, प्लास्टिकच्या टिकल्या गळतात आणि ती कचऱ्यात जाते. उत्तम गाऊन वर्षानुवर्षं टिकला तरी त्याच्या मोहातून निघालेला कचरा त्याच्याच खात्यावर मांडायला हवा. नक्कल खपते कारण लोकांना रंग आणि आकार तेवढा दिसतो, शिवण दिसत नाही, हे माझं उत्तर. शिवणीची माया तीन मिलिमीटरच ठेवलेला झगा पुढे सैल करता येत नाही, अस्तर नसलेला झगा घामाने पाठीला चिकटतो, हे ज्याला कळतं तो तो झगा मागवत नाही. हे उत्तर अर्धंच आहे हेही कबूल. जाणत्यांची संख्या कधीच एवढी वाढत नाही की गिरण्या थांबाव्यात. पण अजाण टीकेनेही त्या थांबलेल्या नाहीत. ‘कपडे म्हणजे क्षुद्र गोष्ट’ असं मानणारा समाजच ते दोनदा वापरून फेकतो.

प्रेम आंधळं असलं की वस्तूचंही नुकसान होतं. १९६२ मध्ये मॅरिलिन मन्रोने घातलेला झगा २०१६ च्या लिलावात ४८ लाख डॉलरला गेला आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याच्या पायऱ्यांवर किम कार्डाशियनने तो पुन्हा अंगावर चढवला. वस्त्रसंवर्धन करणारे हळहळले, कारण जुनं रेशीम ताण, घाम आणि उजेड यांनी विरतं आणि एकदा विरलं की परत येत नाही. गोव्यात तर पावसाळ्याचे चार महिने हवाच शत्रू. जर काळवंडते, बुरशीचे ठिपके पडतात, जुन्या जिलेटिनच्या टिकल्या ओलाव्याने विरघळून एकमेकींना चिकटतात. घरोघरी पेट्यांतून पडलेले पानो-बाजू, लग्नाचे लाल साडो, आजीच्या पैठण्या यांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावं, डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी म्हणजे दुमडीवर रेशीम तडकत नाही, आणि मण्यांचं जड वस्त्र हँगरवर न टांगता आडवं ठेवावं. हे सगळे नियम फॅशनवेड्या माणसाला ठाऊक असतात. ‘कपड्यांत काय ठेवलंय’ म्हणणाऱ्यांच्या घरातल्या पेट्या उघडल्या की काय दिसतं ते सांगायला नको.

राहता राहिला कारागिराचा प्रश्न, ज्याच्यावर सगळं अडून आहे. २०२४ च्या मेट गालात आलिया भट्टने सब्यसाचीची २३ फुटी पदराची साडी नेसली, तेव्हा आकडे प्रसिद्ध झाले: १६३ कारागीर, १,९६५ तास. वाचणारे भारावले. भागाकार करून पाहा: माणशी सरासरी १२ तास येतात. म्हणजे कुणीतरी महिनाभर खपला असणार आणि कुणीतरी दीड तास. सरासरीत दोघेही हरवले. यात लबाडी आहे असं नाही, पण हा आकडा विस्मय विकण्यासाठी असतो, माहिती देण्यासाठी नसतो. १६३ पैकी नावं किती छापली गेली? युरोपातल्या मोठ्या घराण्यांचं भरतकाम मुंबईत कित्येक दशकं होत आलेलं आहे, आणि लेबलवर इटली किंवा फ्रान्स असतं. मार्च २०२३ मध्ये दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर कलेक्शन दाखवलं आणि चाणक्य या मुंबईच्या भरतकाम कार्यशाळेचं नाव उघडपणे घेतलं, तेव्हा ती बातमी झाली. नाव घेणं ही बातमी व्हावी, यातच सगळं आलं.

सिनेमाच्या शेवटी श्रेयनामावली असते. त्यात वेशभूषाकाराचं नाव असतं, त्याच्या साहाय्यकांचं असतं, कपडे सांभाळणाऱ्या ड्रेसमनचंही असतं. त्याच सिनेमाची नटी चार पावलांवर गालिच्यावरून चालत जाते आणि तिथे श्रेय फक्त तिचं, फार तर डिझायनरचं. पणजीतल्या महोत्सवाला यात पैसा न घालता भर घालता येईल. वृत्तपत्रांना जाणाऱ्या प्रत्येक छायाचित्राखाली एक ओळ: कापड कुठलं, कुठल्या मागावर विणलं, भरतकाम कोणत्या कार्यशाळेत झालं, अंगावर बेतून कुणी दिलं. पाहुण्यांना निमंत्रण पाठवतानाच हा मजकूर मागवून घ्यायचा. ज्यांना द्यायचा नसेल त्यांनी ती जागा कोरी सोडावी, आणि ती तशीच छापावी.